घड्याळाखाली कोणीतरी उभे आहे

“नाव सांगा, आजी.”

“कुणाचं?”

“तुमचंच. घरच्यांचं मग विचारतो.”

म्हातारीने हातातला पावाचा तुकडा चहात बुडवला, तो मऊ होईपर्यंत वाट पाहिली आणि मग एक नाव आणि एक गाव सांगितले. सुईत दोरा ओवताना माणूस क्षणभर श्वास धरतो, तशी ती नावाआधी थांबली होती. ते थांबणे त्याच्या ध्यानात आले, पण त्याने ते मनावर घेतले नाही. यात्रेच्या गर्दीत माणसांच्या आधी चपला जातात, मग सोबत सुटते, आणि ऊन चढू लागले की स्वतःचे नावही जरा दुरून आठवते, हे त्याला इतक्या वर्षांत कळून चुकले होते.

तो उठून माईकपाशी गेला आणि त्याने बटन दाबले. तंबूवरचा कर्णा खाकरला, मग चौकातला, मग टेकडीच्या वाटेवरचे सगळे एकामागून एक खाकरले. म्हातारीने सांगितलेले नाव आणि गाव त्याने सावकाश उच्चारले आणि शेवटी नेहमीचे वाक्य जोडले, “घड्याळाखाली कोणीतरी आपली वाट पाहत उभे आहे. सावकाश यावे.”

‘हरवले’ हा शब्द तो कधीच उच्चारत नसे. अगदी पहिल्या वर्षी एकदा उच्चारला होता, तेव्हा एक आजोबा काठी आपटत तंबूत शिरले होते. “मी हरवलो असं कोण म्हणालं? मी सकाळपासून आहे तिथेच आहे. हरवलेत ते माझ्या घरचे.” घरी जाऊन त्याने पुष्कळ विचार केला आणि आजोबांचेच खरे असल्याचे त्याला पटले. तेव्हापासून त्याच्या तोंडून कोणी हरवत नसे. कोणीतरी फक्त वाट पाहत उभे असे.

एरवी तो गावच्या वाचनालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करी. बोलणे इतके हळू, की सभासद काउंटरवरून वाकून “काय म्हणालात?” असे विचारत, आणि मग तो पुन्हा सांगण्याऐवजी बोटानेच कपाट दाखवी. अशा माणसाला यात्रेच्या दिवसांत चौकशी केंद्रावर बसवण्याची कल्पना कोणाची होती, ते आता कोणालाच आठवत नव्हते. पण माईकसमोर त्याचा आवाज मोकळा होई. समोर चेहरा नसला की त्याला बोलता येई. लोकांनी त्याला ‘पुकारे’ असे नाव ठेवले होते आणि परगावचे लोक ते त्याचे आडनाव समजत.

तंबू चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याला लागून होता आणि त्याच्या मधोमध जाड कापडाचा पडदा होता. पडद्याच्या एका बाजूला शोधणारे येत, दुसऱ्या बाजूच्या बाकावर सापडलेले बसत, आणि दोघांच्या मध्ये, पडद्याला जिथे फट होती तिथे, पुकारेचे टेबल. शोधणाऱ्याने पडद्यापलीकडे डोकावायचे नाही असा कडक नियम होता. मागे कधीतरी एका बाईने डोकावून भलतेच मूल आपले म्हणून उचलले होते आणि मोठा गोंधळ झाला होता. दोन्हीकडचे नाव जुळले, तरच पडदा उचलायचा. हे काम दारावरच्या हवालदाराचे, आणि पडदा उचलताना तो दर वेळी लग्न लावल्यासारखा गंभीर होई.

बाहेर गर्दी भरत चालली होती. पहाटे ती तुरळक होती, एकेका कुटुंबाची, एकेका गावाची. तेव्हा माणसे मोजता आली असती. मग तिच्यातली अंतरे मिटत गेली. मुले खांद्यांवर चढली, म्हाताऱ्यांना मध्ये घेण्यात आले, अनोळखी माणसे एकमेकांच्या पाठीला हात लावून चालू लागली. थोड्या वेळाने तिचा चेहरा नाहीसा झाला आणि उरला तो एक आवाज: असंख्य अनवाणी तळव्यांचा, धुळीवरून घासत जाणारा, एखाद्या मोठ्या घरात कोणीतरी संथपणे केर काढत असावे तसा. त्या आवाजात घाई नव्हती. वर्षभर घाई केलेली माणसे इथे येऊन हळू चालत आणि त्या हळू चालण्यालाच बहुधा भक्ती म्हणत असावीत, असे पुकारेला कधीकधी वाटे. तो स्वतः टेकडीवर क्वचितच गेला होता. यात्रा त्याने ऐकली होती, पाहिली नव्हती.

त्याच्या आईनेही यात्रा अशीच ऐकली. तिचे गुडघे गेले तेव्हापासून ती खिडकीशी बसून असे आणि घराच्या कोपऱ्यावरच्या खांबावरचा कर्णा तिला दिवसभर मुलाचा आवाज पोहोचवी. संध्याकाळी तो घरी गेला, की ती सगळा हिशेब मांडे. “त्या निळ्या टोपीच्या पोराची आई आली का रे शेवटी? आणि माईकसमोर चहाचे घोट नको घेत जाऊस. अख्ख्या गावाला ऐकू जातं.” केंद्र बंद होत असल्याची शेवटची सूचना ऐकली, की ती भिंत धरत उठून चहाचे आधण ठेवी, तो दारात येई तेव्हा कप भरलेला असे. गेल्या हिवाळ्यात ती गेली. यंदाची यात्रा तिच्याशिवायची पहिली.

दुपारी बाक भरला. सोबतच्या सगळ्यांना हरवून बसलेले एक शिक्षक, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसलेली एक मुलगी, झोपी गेलेली जुळी भावंडे. नावे जुळली, पडदा उचलला गेला, रडणे-रागावणे झाले आणि बाक पुन्हा रिकामा झाला. म्हातारी मात्र तिथेच होती. तिचे नाव त्याने पुन्हा पुन्हा पुकारले. कोणी आले नाही.

“हे लक्षण बरं नाही,” हवालदार त्याच्या कानाशी येऊन म्हणाला. “सोडून गेले असणार म्हातारीला. दर यात्रेला एक तरी असतंच.”

“इतक्यात कशाला म्हणायचं तसं.”

“मी काय हौसेनं म्हणतोय? संध्याकाळी आश्रमाची गाडी येईल. ज्यांचं कोणी येत नाही त्यांना नेतात. तू आपला पुकारत राहा.”

म्हातारीला हे ऐकू गेले असावे, कारण तिने विचारले, “गाडी नक्की येते ना रे?” आणि विचारताना तिचा चेहरा, बस चुकू नये अशी काळजी असलेल्या प्रवाशासारखा होता.

त्यानंतर थोड्याच वेळाने शोधणाऱ्यांच्या बाजूला एक माणूस आला. चाळिशीचा असावा. शर्टाची एक बाही खांद्यापाशी उसवलेली, ओठ धुळीने पांढरे.

“आई सापडत नाहीये, साहेब. सकाळपासून. सगळ्या रांगा पालथ्या घातल्या.”

“नाव?”

त्याने नाव सांगितले, गाव सांगितले. बाकावर त्या नावाचे कोणी नव्हते.

“अंगावर काय होतं त्यांच्या?”

माणसाने वर पाहिले, खाली पाहिले. “शाल होती. तपकिरी... नाही, जांभळी असेल. शाल होती, एवढं नक्की.”

पुकारेला नवल वाटले नाही. मुलगे नेहमी असेच अडखळत. आईचा आजार, आईचा स्वभाव, आईच्या हातची चव, सगळे ते सांगू शकत. पण सकाळी निघताना तिने काय पांघरले होते, ते त्यांच्या डोळ्यांसमोर येत नसे.

“बसा घड्याळाखाली,” तो म्हणाला आणि त्याने बटन दाबले.

माईकमध्ये बोलताना त्याची नजर बाकावर असे. कर्णा वाजला, की बाकावरची सगळी माणसे मान वर करतात, नाव आपले असो वा नसो. पाऊस आला का पाहावा तशी. आताही सगळ्यांनी वर पाहिले. फक्त म्हातारीने मान खाली घातली. दुपारच्या चहात बुडवलेला पाव तिच्या बोटांत तसाच राहिला आणि त्याचा भिजलेला भाग तुटून बशीत पडला.

त्याने बटन बंद केले. ते बंद झाल्याची पुन्हा खात्री करून घेतली. मग तो तिच्या शेजारी येऊन बसला. चेहऱ्यासमोर बोलायचे म्हणजे त्याचा आवाज परत वाचनालयातला झाला.

“आजी, ते तुमचं नाव आहे.”

“तुला मी माझं नाव सांगितलंय सकाळी.”

त्याचे लक्ष तिच्या शालीकडे गेले होते. गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून यात्रेकरू एकमेकांच्या पांघरुणांची टोके गाठ मारून जोडतात. गर्दीच्या रेट्यात गाठ निसटली, की टोक ओढले जाते, धागे निघतात, कधी कापड टरकते. तिच्या शालीच्या टोकावर गाठीचे पीळ अजून उमटलेले होते, पण एक धागाही निघालेला नव्हता. ती गाठ कोणीतरी नखांनी, वेळ घेऊन, नीट उकललेली होती.

त्याची नजर कुठे आहे हे तिने पाहिले आणि टोक मुठीत घेतले.

“माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं तुला,” ती म्हणाली. “लहानपणीच गेली ती, घरात कुणाला ठाऊकही नाही. काही रागावणार नाही आता.”

“मुलगा बाहेर बसलाय.”

“ऐकला मी त्याचा आवाज. बसतो असा घसा, धुळीत गेला की. लहानपणापासून.” तिने मुठीतले टोक मांडीवर सारखे केले. “दोनदा गॅस तसाच उघडा ठेवला मी. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा नात घरात झोपली होती. सून कामावरून लवकर आली म्हणून निभावलं. नाहीतर काय झालं असतं, सांग.”

“सून बोलली का काही?”

“तेच तर. बोलली असती तर भांडले असते. आम्ही दोघी भांडायला काही कमी नाही. पण ती गप्प बसली, खिडक्या उघडल्या आणि पोरीला उचलून दारात जाऊन उभी राहिली. मुलगा म्हणतो, होतं असं. असं होऊन कसं चालेल?”

“म्हणून गाठ सोडलीत.”

“घरातून निघून गेले असते, तर लोकांनी त्याला नावं ठेवली असती. म्हातारीला हाकललं म्हणाले असते. देवाच्या गर्दीत माणूस गेलं, तर कुणाला बोल लागत नाही. उलट हळहळतात चार दिवस.” तिने त्याच्याकडे सरळ पाहिले. “सांगू नकोस. गाडी येईपर्यंतच तर प्रश्न आहे. तुझी आई आहे का रे?”

“होती. हिवाळ्यात गेली.”

“गेली तेव्हा काय होतं तिच्या अंगावर?”

ती सकाळ त्याला पूर्ण आठवत होती: खिडकीची अर्धी उघडी फळी, बशीवर बशी, तिच्या चष्म्याची एक काडी उशीत रुतलेली. अंगावरचे मात्र आठवेना. राखाडी असावे. किंवा निळे.

“बघ,” म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. “मुलांना दिसत नाही ते. त्यानं काही अडत नाही.”

ऊन कलू लागले. टेकडीवरून उतरणारी गर्दी आणि चढणारी गर्दी चौकात एकमेकींत मिसळत होत्या. पुकारे टेबलापाशी नुसता बसून राहिला. सांगितले, तर जे तिने इतक्या विचाराने केले ते एका क्षणात उधळले जाणार. न सांगावे, तर घड्याळाखालचा तो माणूस दर वर्षी या चौकात येत राहील आणि प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडे पाहील. दोन्हीकडचे नाव जुळत नव्हते; नियमाप्रमाणे त्याला काहीच करायचे नव्हते. नियमाची इतकी अडचण त्याला पूर्वी कधी झाली नव्हती.

आश्रमाची गाडी चौकाच्या तोंडाशी येऊन थांबल्याचे हवालदाराने सांगितले. “गर्दी जरा हटली की आत घेतो तिला.” म्हातारीने ते ऐकून शाल सारखी केली आणि रिकामी बशी बाकाखाली सरकवून ठेवली.

तेव्हा तो उठला आणि पडद्याच्या फटीतून बाहेरच्या माणसाला त्याने विचारले, “घरातलं आणखी कोण आलंय सोबत?”

“बायको आहे. पोरीला शेजाऱ्यांकडे ठेवून आलोय. ती खाली पाणवठ्याकडे शोधतेय.”

पुकारे माईकपाशी गेला. त्याने त्या माणसाच्या बायकोला बोलावले. गर्दीतल्या लोकांनी कर्ण्यातून असे काही पूर्वी ऐकले नव्हते. “आपल्या सासूबाईंच्या अंगावर आज काय होते, ते सांगण्यासाठी घड्याळापाशी यावे. घरात ते आपल्यालाच ठाऊक असावे. सावकाश यावे.”

“हे काय नवीन?” हवालदार म्हणाला.

“काही नाही. वर्णन अपुरं आहे.”

सून सावकाश आली नाही. गर्दीला कोपराने बाजूला सारत आली आणि टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. बारीक अंगाची, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लटकत राहिलेली. कामाच्या सवयीने सकाळी घातली असावी आणि काढायची राहून गेली असावी.

“लिहून घ्या,” ती दम न घेताच म्हणाली. “शाल राखी. ह्यांनी जांभळी सांगितली असेल, जांभळी कधीच विटली, तिचं मी पायपुसणं केलं. राखी शाल, काठाला काळी दुहेरी शिलाई, ती माझी. डाव्या खांद्यावर कसरीनं खाल्लंय, तिथं आतून ठिगळ, बाहेरून दिसत नाही. आतला स्वेटर माझा जुना, त्याची वरची दोन बटणं वेगळी आहेत. कानातलं एकाच कानात आहे, दुसरं त्यांनी कुठं ठेवलं ते त्यांना आठवत नाही आणि मला माहीत आहे.”

पडद्यापलीकडे बाक करकरला. पुकारे मान खाली घालून लिहीत होता, किंवा लिहिल्यासारखे करीत होता.

“आणखी?”

“शालीच्या टोकाला मी गाठ मारली होती, ह्यांच्या उपरण्याशी. दुहेरी. ती काही आपोआप सुटणारी नव्हती.” पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला. “ते मला दुपारीच समजलं. ह्यांना मी बोलले नाही.”

पुकारेला वाटले, तिचे सांगून संपले.

“आणि पायात मोजे,” ती म्हणाली. “करडे. त्यातला डावा उलटा घातलाय. निघताना मी सांगितलं, ऐकलं नाही. त्या ऐकतच नाहीत.”

“मोजा उलटा नाहीये.”

पडद्यामागून आवाज आला, खणखणीत. हवालदार दचकला. त्याने पुकारेकडे पाहिले, पुकारेने घड्याळाकडे. नावे अजून जुळली नव्हती. पण पडदा आतूनच बाजूला झाला आणि म्हातारी एका हाताने कापड धरून उभी राहिली.

“सरळ आहे तो. नीट बघ.”

सून वाकली. तिने सासूचा पाय हातात घेतला, मोज्याची कड उलटून शिवण पाहिली. ती तशीच वाकून राहिली, जरुरीपेक्षा बराच वेळ. तिचा चेहरा कोणालाच दिसत नव्हता.

“उलटाच आहे, आई,” ती शेवटी म्हणाली.

“असेल.”

मुलगा घड्याळाखालून धावत आला आणि काही अंतरावर थबकला. त्या दोघींच्या मध्ये शिरावे की नाही, हे त्याला कळत नव्हते. सुनेने मोजा काढला, उलटवला, पायात चढवला आणि मग उभी राहून सासूच्या शालीचे टोक आपल्या ओढणीला बांधू लागली. नवऱ्याच्या उपरण्याकडे तिने पाहिलेही नाही.

“गॅसचं काय करशील?” म्हातारीने विचारले.

“घरी गेल्यावर बघू.”

“पुन्हा होईल.”

“होईल. तेव्हा भांडू.”

“किती आवळतेस गं.”

“तुमची नखं बघून आवळतेय.”

हवालदार गाडीवाल्याला नाही म्हणून सांगायला गेला. म्हातारीने जाताना पुकारेकडे पाहिले. तिला राग आला होता की नाही, ते त्याला समजले नाही. तिने फक्त मान हलवली. एखाद्याने आपला शब्द पाळलाही नाही आणि मोडलाही नाही, तर त्याला काय म्हणावे, या विचारात असल्यासारखी. मग ती तिघे गर्दीत शिरली आणि थोड्या अंतरापर्यंत राखी शाल आणि तिला जोडलेली ओढणी दिसत राहिली. पुढे राखी रंगाच्या पुष्कळ शाली होत्या.

सूर्य मनोऱ्यामागे गेला. बाक रिकामा झाला होता. पुकारे माईकसमोर बसला आणि त्याने दिवसाची शेवटची सूचना दिली, “चौकशी केंद्र आता बंद होत आहे. सर्वांनी आपापल्या माणसांसोबत सावकाश घरी जावे.” एवढे बोलून तो उठला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि निघाला.

परतणाऱ्या यात्रेकरूंच्या बाजूबाजूने तो चालू लागला. सगळे रमतगमत चालले होते, मुले पेंगुळली होती, कोणीतरी कोणाला काय पाहिले ते सांगत होते. तो मात्र त्यांना ओलांडत पुढे जात होता, एकाची क्षमा मागत, दुसऱ्याला वळसा घालत. आधण ठेवले गेले असेल, चहा निवेल. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आपण भराभर चाललो आहोत, हे त्याच्या लक्षात आले. तो थांबला. लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेले.

कोपऱ्यावरच्या खांबाखाली तो उभा होता. समोर खिडकी होती, तिची अर्धी फळी त्याने सकाळी उघडी ठेवली होती. डोक्यावर कर्णा होता. इतक्या वर्षांत त्याने तो इथून कधी ऐकला नव्हता. कर्णा बोलत असे तेव्हा तो नेहमी दुसऱ्या टोकाला असे.

कर्णा बंद नव्हता. त्यातून एक बारीक गुणगुण येत होती. मग त्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बाक उचलून ठेवल्याचा आवाज आला, कोणीतरी शिंकले. आपण बटन तसेच ठेवून आलो, हे त्याला उमगले. तो हलला नाही. मान वर करून ऐकत राहिला.

“अरे, हे चालूच आहे की,” कर्ण्यातून हवालदाराचा आवाज म्हणाला, साऱ्या गावावरून. “पुकारे गेला वाटतं घरी.”

खट् असा आवाज झाला. मग रस्त्यावरून उतरत जाणारी पावले तेवढी ऐकू येत राहिली.